डोक्यातलं घर, वहीतलं घर

‘गॅस कधी लावला होता गं?’ ‘आईची रक्तदाबाची गोळी संपली का?’ ‘माझ्या शाळेच्या सहलीचे पैसे कधी भरायचे?’ ‘अहो वहिनी, मागच्या वर्षी लोणच्याला कैऱ्या किती घेतल्या होत्या आपण?’

प्रश्न विचारणारे चार, पण उत्तर देणारी एकच. बहुतेक घरांत हे असेच चालते. पोळी लाटता लाटता ती उत्तरे देते आणि ती बरोबरही असतात. मग कौतुक होते, ‘हिच्या अगदी सगळं लक्षात असतं हो!’ ऐकायला गोड वाटते, पण या वाक्याचा खरा अर्थ काय? बाकी कुणाच्या काही लक्षात राहत नाही आणि ठेवण्याची गरजही वाटत नाही, हाच ना?

चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याने निघाले की चाळीसएक किलोमीटरवर आमचे श्रीपेरुंबुदूर लागते. देशाला हे गाव माहीत झाले ते २१ मे १९९१च्या रात्री, राजीव गांधी यांच्या हत्येमुळे. पुढे गावाचे रूप पालटले. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचा कारखाना आला आणि १९९८ साली तिथून सँट्रो गाडी बाहेर पडली. मग काचेचे, सुट्या भागांचे, मोबाइलचे कारखाने आले. पुण्या-नाशकाकडची यंत्रे सांभाळणारी माणसे आली आणि त्यांच्याबरोबर कुकर, पोळपाट, देव्हारा आणि भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ घेऊन त्यांची घरेही आली.

परमुलखातल्या अशा घराची एक वेगळी अडचण असते. गावाकडे बाई आजारी पडली तर जाऊ, नणंद, शेजारच्या काकू धावून येतात. त्यांना डबे कुठे आहेत आणि दूधवाला कधी येतो हे ठाऊक असते. इथे शेजारीण कितीही प्रेमळ असली तरी ती विचारणार तमिळमध्ये आणि सासूबाई उत्तर देणार साताऱ्याच्या बोलीत!

आमच्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. नवरा सुट्या भागांच्या कारखान्यात, दोन मुले शाळेत, सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब. एका रात्री सुनेच्या पोटात असह्य दुखू लागले. अपेंडिक्स निघाले. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि पाच दिवस ती रुग्णालयात होती.

घरात तांदूळ होते, पैसे होते, माणसेही होती. नव्हती ती फक्त माहिती. सासूबाईंच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या दिसायला सारख्याच. जेवणाआधीची कोणती आणि रात्रीची कोणती, हे सुनेलाच ठाऊक. मुलांच्या व्हॅनवाल्याचा नंबर तिच्या फोनमध्ये, पण फोनला कुलूप. पाण्याचे कॅन कुणाकडून येतात, धाकट्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, सगळे तिच्या डोक्यात. आणि ती भुलीच्या गुंगीत. दोन दिवस सासूबाईंची एक गोळी चुकली. तिसऱ्या दिवशी त्यांना घेरी आली. वेळीच डॉक्टरांकडे नेले म्हणून निभावले.

ती घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो, तेव्हा तिचा नवरा जे बोलला ते माझ्या मनात घर करून बसले. तो म्हणाला, ‘ताई, आमच्याकडे पाळी बदलताना रजिस्टर भरल्याशिवाय कुणी गेटबाहेर पडत नाही. कोणतं मशीन बिघडलं, काय उरलं, पुढच्यानं काय बघायचं, सगळं लिहून द्यायचं. घरात मात्र एकच माणूस कायम पाळीवर आणि रजिस्टर कोरं!’

तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीने एक दोनशेपानी वही टांगलेली असते. सोबत दोरीलाच बांधलेले पेन. (पेन बांधलेले नसेल तर वही फार दिवस चालत नाही, हे त्या घराचे अनुभवाचे बोल!)

लिहून ठेवणारी माणसे

अशा वहीला आजकाल परदेशी नावही मिळाले आहे. रायडर कॅरोल या अमेरिकेतल्या डिझायनरला लहानपणापासून एका गोष्टीवर चित्त ठरवणे अवघड जाई. त्यावर उपाय म्हणून त्याने स्वतःपुरती टिपणांची एक पद्धत बसवली. २०१३ साली ती त्याने ‘बुलेट जर्नल’ या नावाने लोकांपुढे मांडली आणि २०१८ मध्ये तिच्यावर पुस्तकही लिहिले. बुलेट म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे, ओळीच्या आधी द्यायचे साधे टिंब.

पण लिहून ठेवणे आपल्याला का नवीन आहे? दुकानदाराची रोजकीर्द आणि खतावणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजनिशा आज इतिहासाचे साधन झाल्या आहेत. तंजावरच्या मराठी राज्याचे मोडीतले कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. राज्यकारभाराबरोबर रोजचे व्यवहारही त्यांत सापडतात. पुदुच्चेरीला डुप्लेचे दुभाषी असलेले आनंदरंग पिळ्ळै यांनी १७३६ ते १७६१ अशी पंचवीस वर्षे तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. जहाजे, लढाया, दरबार आणि व्यापार यांच्या शेजारीच त्यांच्या घरची कार्येही तिच्यात येतात.

खुद्द श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. त्यांचे नाव घेतले की तत्त्वज्ञान आठवते. पण श्रीरंगमच्या देवळाची ‘कोयिल ओळुगु’ नावाची बखर त्यांची आणखी एक कामगिरी सांगते. त्या परंपरेप्रमाणे देवळाच्या नित्य कारभाराची घडी त्यांनी बसवली, सेवेकऱ्यांचे गट पाडून कुणी कोणती सेवा करायची ते ठरवून दिले. देवाच्या घरचे काम एकाच्या आठवणीवर सोडून चालले नाही, मग आपल्या घराचे कसे चालावे?

वही कशी मांडावी?

पद्धत सोपी आहे. एक जाड वही घ्या आणि पानांना आकडे घाला. पहिली चार पाने अनुक्रमणिकेसाठी सोडा. पुढे कोणत्या पानावर काय लिहिले ते तिथे नोंदवत जायचे. ‘औषधे – पान १२’, ‘फोन नंबर – पान १५’. यामुळे आधी रकाने आखून ठेवावे लागत नाहीत. जागा संपली की पुढचे कोणतेही कोरे पान घ्यावे.

त्यानंतर दोन पानांवर येणाऱ्या सहा महिन्यांची नावे लिहून लांबची कामे टिपावीत : विम्याचा हप्ता, गावी जाण्याचे रेल्वे आरक्षण, मुलाची लस, चष्म्याचा नंबर तपासणे. मग चालू महिन्याचे पान. आणि मग रोजच्या चार-पाच ओळी.

रोजच्या ओळींना खुणा असतात. कामापुढे टिंब. काम झाले की टिंबावर फुली. आज जमले नाही आणि पुढे ढकलले तर बाण. समारंभ किंवा ठरलेल्या भेटीपुढे गोल. नुसतीच माहिती असेल, जसे ‘आज गॅस लावला’, तर आडवी रेघ. बस्स, एवढ्यावर घर चालते.

या पद्धतीतली खरी गंमत महिनाअखेरीस कळते. राहिलेली कामे नव्या महिन्याच्या पानावर पुन्हा हाताने उतरवायची. हा जाच वाटेल, पण त्यातच शहाणपण आहे. ‘जुन्या साड्यांची गोधडी शिवणे’ हे तिसऱ्यांदा लिहिताना आपलाच हात थांबतो. हे काम खरेच करायचे आहे का? असेल तर तारीख घालावी, नसेल तर सरळ काट मारावी. न झालेल्या कामांचे ओझे असे वर्षभर वाहण्यापेक्षा एका रेघेने उतरलेले बरे!

कोणती पाने असावीतच? पहिले औषधांचे. नाव, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, ॲलर्जी कशाची, डॉक्टरांचा फोन. दुसरे फोन नंबरांचे, ठळक अक्षरांत. डिसेंबर २०१५च्या महापुरात चेन्नई आणि आसपास वीज गेली, मोबाइल बंद पडले. पाठ असलेला किंवा कागदावर लिहिलेला नंबर तेव्हा किती मोलाचा ठरला, ते इथली माणसे विसरलेली नाहीत. तिसरे पान मीटरच्या आकड्यांचे. तामिळनाडूत घरगुती विजेचे बिल वर्षानुवर्षे दोन महिन्यांनी येत आले आहे आणि वापर वाढला की दर चढतो. दर रविवारी आकडा टिपला तर पंखा-एसीचा हिशेब बिल येण्याआधीच कळतो. चौथे पान घरात काय संपत आले त्याचे.

आणि काय लिहू नये? एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड, दागिने कुठे ठेवले ते. खिळ्याला टांगलेली वही येणारा-जाणारा वाचू शकतो, हे विसरू नये.

फोन असताना वही कशाला?

हा प्रश्न या गावात विचारणे साहजिक आहे. २००६ ते २०१४ पर्यंत इथे नोकियाचे फोन तयार होत होते. आजही इथल्या कारखान्यांत आयफोनची जुळणी होते. फोनमध्ये आठवण लावता येते आणि ती जरूर लावावी. पण फोन एकाचा असतो, वही घराची असते. आजोबांना फोनचे कुलूप उघडता येत नाही, वहीचे पान उलटता येते. शिवाय फोन उघडला की किराण्याच्या यादीपर्यंत पोचण्याआधी आपण कुठल्या कुठे जातो!

मात्र एक धोका आहे. वही लिहिणे हेही घरातल्या बाईचेच आणखी एक काम होऊन बसायला वेळ लागत नाही. तसे झाले तर वही न ठेवलेली बरी. वर सांगितलेल्या घरात म्हणून नियम केला आहे की ज्याच्या हातून डबा रिकामा झाला, त्याने लिहायचे. ज्याने गॅस लावला, त्याने तारीख टाकायची. रात्रपाळीहून आलेला नवरा चहा घेता घेता वही उघडतो आणि दोन फुल्या मारतो. आठ वर्षांची मुलगी आजीच्या गोळीपुढे खूण करते. अक्षरे वेडीवाकडी असतात, ‘साबूदाणा’ तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. असू द्या! रंगीत पेने, नक्षीच्या पट्ट्या यांची हौस असेल त्याने करावी, पण डाळीचा डाग पडलेली वही जास्त कामाची, असे आमचे मत.

ती सून मागच्या उन्हाळ्यात भावाच्या लग्नाला आठ दिवस माहेरी जाऊन आली. लग्नानंतर पहिल्यांदाच एकटी गेली. घरून तिला रोज फोन येत, पण ‘अमुक कुठे आहे?’ असे विचारणारा एकही नव्हता. सासूबाईंनी फक्त विचारले, ‘जेवलीस का गं वेळेवर?’ हे ती सांगत होती तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

वहीला आपल्याकडे देवत्व दिले आहे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजतात, इकडे तामिळनाडूत सरस्वतीपूजेला वह्या-पुस्तके देवीपुढे ठेवतात. आपण पानाच्या माथ्यावर ‘श्री’ काढतो, तमिळ माणूस गणपतीची ‘पिळ्ळैयार सुळी’ काढतो. तुम्ही मुहूर्ताची वाट पाहू नका. आज रात्री मुलांच्या जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पाने शिवून घ्या, माथ्यावर ‘श्री’ लिहा आणि पहिली ओळ घरातल्या अशा माणसाला लिहायला सांगा, ज्याने आजवर फक्त प्रश्नच विचारले आहेत.