भयाला तारीख असते

दिबाकर बॅनर्जी यांचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ (2010) समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पवन कृपलानी यांच्या ‘रागिनी एमएमएस’मध्ये (2011) मात्र अनेकांना ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ची उसनवारीच दिसली. दोहोंची निर्मिती एकता कपूर यांची, दोहोंत राजकुमार राव आणि दोहोंचा घाटही एकच : पडद्यावर दिसते ते कथेतल्याच कॅमेऱ्याने टिपलेले, जणू मागाहून सापडलेले चित्रण. तरीही एकाला ‘सामाजिक वास्तव’ आणि दुसऱ्याला ‘स्वस्त थरार’ मानणारी वर्गवारी कलाकृतींविषयी थोडे आणि समीक्षकांच्या संकोचाविषयी अधिक सांगते.

‘लव्ह सेक्स’मधील तीन कथांपैकी पहिलीत पळून लग्न करणाऱ्या जोडप्याची मुलीच्या घरचेच हत्या करतात, ज्या कॅमेऱ्याने त्यांचे प्रेम टिपले तोच हत्याही टिपतो. हा भयानक रस नव्हे काय? अभिनवगुप्तांनी शाकुंतलातील पळत्या हरिणाच्या आधारे दाखवले, की देश, काळ आणि व्यक्ती यांची बंधने गळाली म्हणजे भय आस्वाद्य होते. सापडलेल्या चित्रणाचा हट्ट नेमका उलटा : हे याच जागी, याच वेळी, याच माणसांना घडले. साधारणीकरणाची वाट अशी अडवल्यावरही प्रेक्षक खिळून राहतो. का?

कारण येथे व्यक्ती विशिष्टच राहते. साधारण होते ती नजर. दुसऱ्या कथेतील दुकानात टेहळणीच्या कॅमेऱ्यामागे कोणी उभे नसते. ती रिकामी जागा प्रेक्षक भरतो. त्याचे भय हरिणाचे नव्हे, पाहत असून थांबवता न येणाऱ्याचे असते. उल्हासनगरच्या दुकानांत, अंबरनाथ-बदलापूरच्या फलाटांवर रोज कॅमेऱ्याखाली वावरणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. समीक्षेला मात्र लागते.

‘रागिनी’तील भूत मराठीत बोलते : आपण चेटकीण नाही, आपण आपल्या मुलांना मारलेले नाही, असे ती बाई विनवीत राहते. चेटकीण ठरवून बायकांना छळल्याच्या घटना ज्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत आणि ज्याला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथील समीक्षेने तरी हा उच्चार ऐकायला हवा होता. पण नारायण धारपांनाही ‘रंजनपर’ म्हणून उंबऱ्याबाहेर बसवणाऱ्या परंपरेकडून ही अपेक्षा कशी करावी? भरताच्या आठ स्थायिभावांत भय आहे, हे वर्गात शिकवायचे आणि भयकथेला अभिरुचीबाहेर ठेवायचे, हा दुटप्पीपणा आहे. तो आधी मान्य करू, रसचर्चा मग.