बदलीचा अर्ज आणि सैनिकाची भिस्त
लष्करात अधिकाऱ्यांच्या बदल्या मिलिटरी सेक्रेटरी शाखा ठरवते, तर जवानांच्या बदल्या संबंधित रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगावात आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण अस्तित्वात आले. मात्र बदल्या व नेमणुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. त्यामुळे आजारी आई-वडिलांसाठी घराजवळचे ठिकाण मागणाऱ्या सैनिकाची भिस्त प्रामुख्याने अर्जावरच राहते. हा अर्ज कमांडिंग ऑफिसरमार्फतच जायला हवा. बाहेरून शिफारशी आणणे नियमबाह्य आहे. आर्जवापेक्षा वैद्यकीय कागदपत्रे, नेमकी मागणी आणि पर्यायी ठिकाणे यांनाच वजन असते. लष्कराची गरज सर्वोपरी, हे मान्यच. परंतु दाद मागण्याची वाट इतकी अरुंद असताना नकाराची कारणे स्पष्टपणे कळवणे, ही कार्यालयांचीही जबाबदारी ठरते.