नागपूरच्या उन्हातली गिटार

नागपूरचा उन्हाळा माणूस सोसतो, कारण त्याला खिशात कांदा ठेवता येतो आणि पन्हे पिता येते. लाकडी गिटारीला यातले काहीच करता येत नाही. २३ मे २०१३ रोजी आमच्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो दिवस विक्रमाचा म्हणून सोडून द्या. पण दर मे महिन्यात इथली दुपार पापडासारखी वाळते आणि जुलैत तीच हवा ओल्या पंचासारखी अंगाला चिकटते. लाकूड कोरड्या हवेत आकसते, दमट हवेत फुगते. टेबल फुगले तर खण अडतो, एवढेच. गिटारीची पुढची फळी मात्र जेमतेम ३ मिलिमीटर जाड, आणि तिच्यावर पोलादी तारांचा सत्तर-पंचाहत्तर किलोंचा ताण अष्टौप्रहर असतो!

आमच्या भाच्याची गिटार अशीच गेली. कूलरसमोरच्या भिंतीवर टांगलेली. दिवसा कोरडी, रात्री ओली. आधी पडद्यांची टोके बोटांना टोचू लागली, मग घोडीखालून चीर निघाली. दुरुस्ती करणारा म्हणाला, "चिकटवून देतो, पण पुढच्या मे महिन्याचे माझ्यावर नाही."

स्वारी पुण्याला वसतिगृहात राहते. शिकवण्या करून तिने काही पैसे साठवले आणि कार्बन फायबरची लहान गिटार घ्यायचे ठरवले. उरलेल्या पैशांसाठी मामा! म्हणून बर्डीवरच्या एका दुकानात आम्ही सगळे गेलो. त्या किमतीत लाकडाच्या तीन बऱ्या गिटारी येतात, हे ऐकून ताई खुर्चीवर बसली ती उठेचना.

गिटार काळी कुळकुळीत, अंगावर चटईसारखी वीण. आमची सौ. म्हणाली, "ही तर छत्रीच्या कापडाची दिसते." फारसे चुकले नाही. कार्बनच्या धाग्यांचे कापडच राळेत भिजवून थरावर थर साच्यात बसवतात आणि तापवून घट्ट करतात. विमानाचे पंखही आता असेच होतात. विमान आणि गिटार यांचे नाते तसे जुनेच. अमेरिकेत हेलिकॉप्टरे बनवणारे चार्ल्स कामन स्वतः गिटार वाजवीत. त्यांनी १९६६ साली 'ओव्हेशन' गिटारीला काचतंतूंची गोल पाठ दिली आणि १९७६ मध्ये पुढच्या फळीतही कार्बनचे थर घातले.

भाच्याने सूर जुळवले आणि दुकानदाराच्या परवानगीने गिटार वीस मिनिटे दारातल्या उन्हात ठेवली. सूर किंचित उतरले. तारा पोलादाच्या, त्या उन्हाने लांबणारच. सावलीत येताच ते पुन्हा जागेवर आले. अंगाला मात्र उन्हाची खबरच नव्हती.

आणि आवाज? वरचे सूर स्वच्छ, लांबवर टिकणारे. खर्ज बारीक, पण तो दोष कार्बनचा नव्हे, लहान पोटाचा. शेजारची तेवढ्याच आकाराची लाकडी गिटार वाजवली, तिचाही खर्ज तसाच. फक्त तिच्या आवाजात एक ऊब होती, ती या काळीत मला सापडली नाही. भाच्याला सापडली म्हणे. एकोणिसाव्या वर्षी बऱ्याच गोष्टी सापडतात.

आमच्या शेजारच्या काकांकडे मिरजेचा तंबोरा आहे. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काकांनीच आम्हाला तीनदा सांगितले.) त्यांचे म्हणणे, भोपळा आणि लाकूड वाजून वाजून पिकते, हे तुमचे काळे यंत्र वीस वर्षांनीही आजच्यासारखेच बोलणार. मला ते पटते. शिवाय फुटलेच तर आपला नेहमीचा कारागीर त्याला हात लावणार नाही. घरात एकच गिटार असायची असेल तर मी अजून लाकडाचीच घेईन. पण वसतिगृहाच्या पत्र्याखालच्या खोलीत, नऊशे किलोमीटरच्या गाडीत, वरच्या बर्थवर उशाशी घेऊन निजायला? तिथे पिकणारे वाद्य काय कामाचे!

मी पैसे दिले. अट एकच, जुनी चिकटवून आमच्याकडे ठेवायची. ती आता माजघरात आहे, कूलरपासून दूर, आणि रात्री जेवणे झाली की आमची धाकटी तिच्यावर बोटे दुखवून घेते.