हसतील त्यांचे दात दिसतील?

सप्टेंबर २०२५मध्ये मेटा कंपनीचे मार्क झुकेरबर्ग कॅलिफोर्नियातल्या मंचावर ७९९ डॉलरचा नवा चष्मा घालून उभे होते. काचेत छोटा पडदा, मनगटावर स्नायूंची हालचाल ओळखणारा पट्टा. बोटे जुळवली की व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल उचलला जाणार होता. कॉल आला, वाजत राहिला, बोटे हलत राहिली, पण कॉल काही उचलला गेला नाही. त्याआधी पाककृती दाखवणाऱ्या एकाने चष्म्याला तोंडी आज्ञा दिली, तर इमारतीतले तसले सगळेच चष्मे जागे झाले आणि कंपनीचा सर्व्हर आपल्याच चष्म्यांच्या गर्दीने आडवा पडला. हा खुलासा नंतर कंपनीच्या तंत्रज्ञानप्रमुखांनीच केला. लोक हसले, आणि नेहमीप्रमाणे त्यांना नव्याची भीती वाटते असे म्हटले गेले. मला मात्र हे हसणे, अंगावर घालायच्या संवादयंत्रांची सर्वांत स्वस्त आणि बऱ्यापैकी खात्रीची परीक्षा वाटते.

संभाषण दोघांत चालते, पण ते आजूबाजूच्यांच्या साक्षीने. कानाला फोन लावलेला माणूस कोणाशी तरी बोलतोय हे लांबूनही कळते. शर्टाच्या कॉलरशी बोलणारा, हवेत चिमटे काढणारा माणूस मात्र आपल्याशी बोलतोय, यंत्राशी की स्वतःशी, याचा अंदाज बघणाऱ्यालाच बांधत बसावा लागतो. विनोदी लेखकांना हे अभियंत्यांच्या आधी समजले होते. १९६५मध्ये सुरू झालेल्या ‘गेट स्मार्ट’ या अमेरिकी मालिकेतल्या गुप्तहेराचा फोन बुटात होता. गुपित बोलायला त्याला चारचौघांत बूट काढून कानाला लावावा लागे. गुगल ग्लास या कॅमेरावाल्या चष्म्याचे दुखणे याच जातीचे. २०१३मध्ये १,५०० डॉलर मोजून लोकांनी तो घेतला, पण समोरच्याला कळेना की हा आपल्याकडे बघतोय की आपले चित्रीकरण करतोय. पुढच्या वर्षी गुगलला ग्राहकांसाठी शिष्टाचाराच्या सूचना काढाव्या लागल्या, आणि जानेवारी २०१५मध्ये सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. यंत्रासोबत सभ्यपणाची नियमावली द्यावी लागली, तिथेच निकाल लागला होता.

यावर आक्षेप येईल की ब्लूटूथ लावून एकटेच बोलणाऱ्यांनाही लोक हसलेच होते, आज कोणी वळूनही बघत नाही. खरे आहे. हसण्याचा निकाल कायमचा नसतो. पण तो बदलतो कधी? यंत्र आधी न होणारे काम करते तेव्हा, किंवा निदान हात मोकळे ठेवते तेव्हा. अंधांसाठी चष्म्यातला कॅमेरा समोरची पाटी वाचून दाखवतो. तिथे कोणी दात काढत नाही आणि काढूही नयेत. हसू येते ते खिशातला फोन जे बिनबोभाट करतो तेच, जास्त पैसे घेऊन आणि जास्त हातवारे करायला लावून करणाऱ्या यंत्राचे. पहिल्या आवृत्त्या ओबडधोबडच असतात, हा बचावही ऐकून घेऊ. मग त्या प्रयोगशाळेत ठेवाव्यात. पूर्ण किंमत घेऊन ग्राहकाच्या छातीवर लावू नयेत.

‘ह्युमेन’ कंपनीने नेमके तेच केले. छातीवर लावायची तिची एआय पिन २०२४मध्ये ग्राहकांच्या हाती आली: ६९९ डॉलर, वर दरमहा २४ डॉलर वर्गणी. तिला पडदा नव्हता. मजकूर लेसरने तळहातावर उमटे आणि उन्हात धड दिसत नसे. जून २०२४मध्ये कंपनीनेच चार्जिंगची डबी वापरू नका, आगीचा धोका आहे, असे कळवले. फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीचा बराचसा भाग एचपीने ११.६ कोटी डॉलरना घेतला आणि २८ फेब्रुवारीला पिनची सेवा बंद झाली. कॉल गेले, संदेश गेले, उत्तरे गेली. इंटरनेटशिवाय काय चालू राहील याचे कंपनीने दिलेले उदाहरण होते, बॅटरी किती उरली ते सांगणे.