हार्वर्डच्या प्रवेश समितीस : गुणवंतांना त्यांची खरी शक्यता सांगा

प्रति,
प्रवेश समिती, हार्वर्ड कॉलेज,
केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स



2024 साली हार्वर्ड कॉलेजकडे 54,008 अर्ज आले आणि त्यांतल्या 1,937 जणांना प्रवेश मिळाला. हे प्रमाण 3.6 टक्के भरते. वर्गात कायम पहिल्या येणाऱ्या मुलाच्या घरी हा आकडा दोन प्रकारे वाचला जातो. काहींना ती सोडत वाटते : नशीब असेल तर लागेल. काहींची खात्री असते की बाकीचे अर्जदार यथातथाच असणार आणि आपल्या मुलाचे गुण पाहता त्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. तरी ते टिकून आहेत, कारण ते खोडून काढणारी माहिती समितीच्या दप्तरात आहे आणि तिथून ती आपणहून फारशी बाहेर येत नाही.

जी काही बाहेर आली ती कोर्टकचेरीमुळे. स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स या संस्थेने नोव्हेंबर 2014 मध्ये हार्वर्डवर खटला भरला आणि 2018 च्या सुनावणीत प्रवेशाची कागदपत्रे उघडी झाली. 2015 मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी सुमारे 26 हजार अमेरिकी विद्यार्थ्यांनी अर्ज केले होते. त्यांतल्या 8 हजारांहून अधिक जणांचे शाळेतले गुण पैकीच्या पैकी होते आणि 3 हजारांहून अधिक जणांना सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गणितात पूर्ण गुण होते. जगभरच्या अर्जदारांतून प्रवेश द्यायचा होता तो जेमतेम दोन हजारांना. म्हणजे पूर्ण गुणांनी विद्यार्थी दारापर्यंत येतो, आणि तिथे त्याच्यासारखेच हजारो आधीच उभे असतात.

त्यापुढे काय घडते, तेही या खटल्यामुळेच नीट कळले. प्रत्येक भागातले अर्ज त्या भागाची जबाबदारी असलेला अधिकारी आधी वाचतो. अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व या चार बाबींना तो एक ते सहा असे अंक देतो. एक सर्वांत वरचा आणि अंकापुढे अधिक-उणे चिन्हही लागते. शिक्षकांच्या शिफारसपत्रांना आणि माजी विद्यार्थ्याने घेतलेल्या मुलाखतीलाही असेच अंक मिळतात. मग उपसमिती आणि शेवटी चाळीसेक जणांची पूर्ण समिती बहुमताने निर्णय घेते. अभ्यासाच्या रकान्यात उत्तम गुणांच्या मुलाला साधारणपणे दोन मिळतो. एक हा अंक दुर्मीळ आहे : त्यासाठी मूळ संशोधनाचा किंवा असाधारण प्रतिभेचा पुरावा लागतो. भारतातला बोर्डात पहिला आलेला मुलगाही बहुधा दोनच्याच रांगेत बसेल. त्या रांगेतून कोण निवडले जाणार, हे मुख्यतः उरलेले रकाने ठरवतात.

त्यांतला व्यक्तिमत्त्वाचा रकाना सर्वांत वादग्रस्त ठरला. निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांवरून विद्यार्थ्याचे धैर्य, आपुलकी, नेतृत्व यांचा अंदाज बांधून इथे अंक दिला जातो. आशियाई वंशाच्या अमेरिकी अर्जदारांना या रकान्यात सरासरीने कमी अंक मिळत होते. हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचे हा खटला चालवणाऱ्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांना 2019 मध्ये आढळले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी हार्वर्डविरुद्ध निकाल दिला आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत थांबवली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप मात्र या निकालाच्या कक्षेत नव्हते. ते राहिले.

ही बाब तपशिलात पाहायला हवी, कारण जाहीर टक्का फसवा ठरतो तो इथेच. निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अधिष्ठात्यांच्या खास यादीतले अर्जदार (देणगीदारांचे नातलग या यादीत येतात) आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले हे चार गट अमेरिकी अर्जदारांत सुमारे 5 टक्के होते; प्रवेश मिळालेल्यांत ते सुमारे 30 टक्के होते. खटल्यात तपासलेल्या सहा वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी जवळपास 34 टक्के निवडले गेले, इतरांपैकी 6 टक्क्यांहून थोडे कमी. निवडलेल्या खेळाडूंत हे प्रमाण 86 टक्क्यांच्या आसपास होते. उरलेल्या 95 टक्के अर्जदारांच्या वाट्याला 70 टक्के जागा आल्या. म्हणजे कोणतीही ओळख नसलेल्या विद्यार्थ्याची शक्यता जाहीर टक्क्याच्या साधारण तीन चतुर्थांश होती. तीच वाटणी आज कायम असेल, तर 3.6 चे 2.7 च्या आसपास होतात. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा 2023 चा अभ्यास याला दुजोरा देतो. अमेरिकेतल्या बारा अव्वल विद्यापीठांत, परीक्षेचे गुण सारखे असतानाही, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता सरासरी अर्जदारापेक्षा 34 टक्क्यांनी जास्त आढळली. हे न्याय्य नाही. ज्या संस्थेत शिकण्यासाठी मुले वर्षानुवर्षे रात्रीचा दिवस करतात, तिने त्यांच्या आईवडिलांची पदवी मोजू नये.

भारतीय अर्जदाराचे गणित आणखी धूसर आहे. हजारो मैलांवरून अर्ज करणाऱ्याला देशोदेशीच्या अव्वल मुलांच्या गर्दीतून निवडून यायचे असते आणि एकत्रित टक्क्यावरून त्या गर्दीचा अंदाजही येत नाही. शिवाय समिती ज्या कागदांवरून माणूस ओळखू पाहते, ते कागद इथल्या शाळांतून नीट तयारच होत नाहीत. नाशिक किंवा लातूरच्या ज्युनियर कॉलेजात विज्ञानाच्या एका तुकडीत ऐंशी-शंभर मुले असतात, त्यांतली बरीचशी दिवसभर क्लासला. प्राचार्यांचे शिफारसपत्र बोनाफाइडच्या साच्यातून निघते : सदर विद्यार्थी हुशार, मेहनती व शिस्तप्रिय असून त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली सही आणि गोल शिक्का. मुंबईतल्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत हेच पत्र दोन पानांचे असते आणि ते लिहिणारा काउन्सेलर त्याच कामासाठी नेमलेला असतो. कॉमन ॲप या अमेरिकी विद्यापीठांच्या सामाईक अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात. पहाटे उठून धारा काढणारी आणि कॉलेजला जाताना डेअरीवर दूध घालणारी मुलगी त्यांतल्या दोन जागा भरते : वक्तृत्व आणि विज्ञान प्रदर्शन. घरची जबाबदारीही त्या यादीत लिहिता येते, हे तिला कुणी सांगितलेले नसते. व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात तिला वरचा अंक मिळवून देईल अशी गोष्ट अर्जाबाहेरच राहते.

महाराष्ट्रातल्या पालकांना प्रवेशाची वेगळी भाषा परिचित आहे. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक कॅप राउंडनंतर सीईटी सेल कॉलेजवार, शाखावार, प्रवर्गवार कट-ऑफ जाहीर करतो, तोही पर्सेंटाइलच्या दशांशांसह. आयआयटीसाठी कोणत्या शाखेत कोणत्या क्रमांकावर प्रवेश सुरू झाला आणि कुठे थांबला, हे सर्वांना पाहता येते. या पद्धतीत दोष आहेत आणि एका परीक्षेवर सगळे सोडणे हा त्यांतला मोठा दोष आहे. पण पोरगी कुठे उभी आहे, हे तिच्या आईवडिलांना आधी कळते आणि पसंतीक्रम भरताना ते त्याचा उपयोग करतात. हार्वर्डसारख्या ठिकाणी ते कळत नाही. ही पोकळी खासगी सल्लागार भरून काढतात आणि त्यांच्या तोंडी नेहमी एक हिशेब असतो : दहा विद्यापीठांत प्रत्येकी पाच टक्के शक्यता असेल, तर कुठेतरी लागण्याची शक्यता चाळीस टक्के. गुणाकार बरोबर आहे, गृहीतक चूक. दहाही अर्जांत तीच शिफारसपत्रे, तीच गुणपत्रिका, मुख्य निबंधही तोच असतो. जे उणे एका समितीला दिसते, ते बहुधा उरलेल्या नऊ जणींनाही दिसते. खरी शक्यता चाळीस टक्क्यांपेक्षा बरीच कमी असते.

एका बाबतीत हार्वर्डचे मनापासून कौतुक करायला हवे. अर्जदार कोणत्याही देशाचा असो, त्याची आर्थिक मदतीची गरज निवडीच्या आड येत नाही. अशी विद्यापीठे अमेरिकेत मोजकीच आहेत. 2025-26 पासून वर्षाला 2 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिकवणी शुल्क माफ आहे आणि 1 लाख डॉलरच्या आतल्या घरांचा राहण्या-जेवण्याचा खर्चही कॉलेज उचलते. महाराष्ट्रातली बहुसंख्य शिक्षक, शेतकरी आणि नोकरदार कुटुंबे या दुसऱ्या मर्यादेच्या कितीतरी आत येतात, पण त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे. दुसरीकडे, मे 2025 मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने तो रोखला, तरी पालकांच्या मनातली भीती गेलेली नाही. अशा वेळी कॉलेजने जास्त बोलायला हवे होते. उलट मार्च 2025 मध्ये निकालाच्या दिवशी प्रवेशाचे आकडे देण्याची जुनी प्रथा मोडली गेली आणि ते पुढे ऑक्टोबरमध्ये आले.

समितीकडून अपेक्षा आहेत त्या अशा. निकालाच्या दिवशीच आकडे जाहीर व्हावेत. परदेशी अर्जदार किती आणि त्यांतले निवडले किती, हे ठळकपणे वेगळे दाखवावे. शेजारचे एमआयटी हे आपल्या संकेतस्थळावर दाखवते. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले आणि खास यादीतले अर्जदार वगळून उरलेल्यांचा टक्का स्वतंत्र द्यावा, म्हणजे कोणाचीही ओळख नसलेल्या मुलाला आपला टक्का कळेल. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप बंद करावे. ॲमहर्स्टने 2021 मध्ये ते बंद केले, जॉन्स हॉपकिन्सने त्याआधीच. एमआयटीत ते विचारातच घेतले जात नाही आणि या तिन्ही संस्थांचा दर्जा त्यामुळे खालावलेला नाही. ज्या शाळांत काउन्सेलर नाही, तिथल्या प्राचार्यांसाठी शिफारसपत्रात काय लिहावे याचे दोन पानी मार्गदर्शन मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करावे. त्याला फार खर्च येणार नाही. आणि प्रतीक्षा यादीतून मागच्या पाच वर्षांत दरवर्षी किती जणांना जागा मिळाली, हे त्या यादीत नाव आल्याच्या पत्रातच नमूद करावे, म्हणजे 1 मेपर्यंत दुसरीकडची जागा पक्की करायची की थांबायचे, हे घरच्यांना माहितीच्या आधारावर ठरवता येईल.