अन्नाचे गाव कोणते?

वऱ्हाडातील कोणत्याही खेड्यात नवा पाहुणा उंबऱ्याशी आला, की त्याला प्रथम पाण्याचा तांब्या दिला जातो आणि मग विचारले जाते, "गाव कोणतं?" गाव कळले, की नातेगोते कळते आणि नातेगोते कळले, की घरधनी निर्धास्त होतो. जो पाहुणा फार तर दोन दिवस राहणार, त्याची एवढी चौकशी होते. परंतु जे अन्न पोटात जाऊन रक्तामांसाचा भाग होणार, त्याला मात्र आता कोणी गाव विचारीत नाही. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पूर्वी असे विचारण्याची गरजच नव्हती. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, ज्वारीची भाकरी हेच रोजचे अन्न होते. ज्वारी स्वतःच्या शेतातली किंवा गावच्याच बाजारातली असे. तिच्या जोडीला तूर, मूग, उडीद यांचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा असे. करडई, तीळ व भुईमूग यांचे तेल गावातल्या घाण्यावर निघे. कोणत्या वावरातले धान्य आपल्या ताटात आले आहे, हे घरातल्या लहान मुलालाही सांगता येत असे.

याचा अर्थ, त्या काळी सारे चांगले होते, असा नव्हे. पहाटे उठून घरातील स्त्रिया जात्यावर दळण दळीत आणि त्या श्रमाने त्यांचे खांदे भरून येत. पिठाच्या गिरणीने त्यांचे ते कष्ट हलके केले. 1972 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीने आणि दुष्काळी कामांवर वाटलेल्या सुकडीने असंख्य माणसांना आधार दिला. मिठात आयोडीन मिसळण्याची युक्ती निघाली आणि गलगंडासारख्या व्याधीला आळा बसला. हे सारे यंत्राचे आणि शास्त्राचे उपकार आहेत. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. म्हणून यंत्राला शत्रू मानण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की यंत्रातून बाहेर पडलेले अन्न खाणाऱ्याला ओळखू येते काय?

यंत्र अन्नातून काही काढून घेते. ते काय काढते, हे खाणाऱ्याच्या ध्यानी आले नाही, तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण जावा बेटावर पाहावयास मिळाले. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. या रोगात माणसाचे पाय लुळे पडत. एके दिवशी त्याला असे दिसले, की प्रयोगशाळेतील कोंबड्याही तशाच लुळ्या पडल्या आहेत. काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर उलगडा झाला. मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढराशुभ्र, सडलेला तांदूळ घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. त्याने तो तांदूळ देण्याचे नाकारले आणि कोंबड्यांना पुन्हा साधा, असडीक तांदूळ मिळू लागला. तांदळाला शुभ्रपणा यावा म्हणून जो कोंडा टाकून दिला जात होता, त्यातच रोग टाळणारे जीवनसत्त्व होते! या शोधाबद्दल आइकमनला 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मैद्याची कथाही अशीच आहे. गव्हाचा कोंडा आणि अंकुर वेगळे काढून मैदा तयार होतो. तो दिसायला सुंदर असतो व पुष्कळ दिवस टिकतो. परंतु 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच मैद्यात 3 ग्रॅमही नसतात. हे तंतू पोट साफ ठेवतात आणि साखर रक्तात सावकाश मिसळू देतात. जे टिकाऊ, ते पौष्टिक असतेच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

यंत्र अन्नात काही भरही घालते. बुलढाण्याच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात अमळनेर हे गाव आहे. तेथे 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. आज संगणकाच्या व्यवसायात जगभर नाव मिळविलेली विप्रो ही संस्था त्याच कारखान्यातून वाढली. पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळला, की ते तुपासारखे घट्ट होते. महागड्या साजूक तुपाऐवजी हे स्वस्त तूप मिळाल्याने देशभर गरिबाच्या घरीही सणासुदीला गोडधोड होऊ लागले. परंतु तेल अर्धवट घट्ट करण्याच्या या क्रियेत ट्रान्स फॅट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार होतो आणि तो हृदयाला अपाय करतो, ही गोष्ट फार उशिरा उमगली. पुढे भारत सरकारने कायद्याने बंधन घातले आणि 2022 सालापासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटचे प्रमाण 2 टक्क्यांहून अधिक असू नये, असे ठरविले. नव्या पदार्थाचा गुण लगेच दिसतो, दोष मात्र पुष्कळदा पिढी उलटल्यावर दिसतो.

अन्न दुरून येऊ लागले, की आणखी एक अडचण उभी राहते. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 या महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विलक्षण प्रकार घडला. बोंडगाव, कालवड, हिंगणा व आसपासच्या गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. लहान मुले, तरुण, म्हातारे, कोणीच सुटले नाही. तीन-चार दिवसांत डोक्याला टक्कल पडे. मुलींनी शाळेत जाणे टाळले. आधी पाण्यावर संशय आला, मग साबणावर आला. पुढे तपासणीत अनेकांच्या शरीरात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार वाढल्याचे आढळले. सेलेनियम शरीराला कणभर लागते, परंतु अधिक झाले, की बाधते. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्या गावांतील स्वस्त धान्य दुकानांतील गव्हाचे नमुने तपासून घेतले. त्यांत स्थानिक गव्हाच्या कितीतरी पट अधिक सेलेनियम आढळले. दूरच्या प्रांतातून आलेला हा गहूच केसगळतीला कारण आहे, असे मत त्यांनी मांडले. त्या मतावर पुढे वादही झाला.

वादाचा निकाल तज्ज्ञांनी करावा. सामान्य माणसाने मात्र यातून एक गोष्ट घ्यावी. ज्यांच्या घरी तो गहू आला, त्यांना तो दिसण्यात, वासात वा चवीत निराळा वाटण्याचे काहीच कारण नव्हते. शेजारच्या शेतातील धान्यात खोट असेल, तर शेतकऱ्याला तोंडावर विचारता येते. शेकडो कोसांवरून आलेल्या धान्याला कोण विचारणार? म्हणून अन्नाची वाट जितकी लांब, तितकी त्या वाटेवरची राखण कडक हवी. ही राखण सरकारने आणि विक्रेत्याने केलीच पाहिजे. स्वस्त धान्यावर ज्याचे घर चालते, त्याला निवड करण्याची मोकळीक नसते. त्याच्या ताटाची काळजी घेणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.

आज जिल्ह्यातील शेतांचेही रूप पालटले आहे. ज्वारीच्या पुष्कळ जमिनीत आता सोयाबीन डोलते. ते सोयाबीन कारखान्यात जाते, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात पडते आणि तेल पिशवीत बंद होऊन पुन्हा दुकानात येते. मेहकरच्या वा मलकापूरच्या दुकानात टांगलेल्या बिस्किटाच्या पुड्यात पुष्कळदा पामतेल असते आणि हे तेल बहुतांशी इंडोनेशिया व मलेशिया या देशांतून येते. म्हणजे पिकवणारा शेतकरीही आता इतरांसारखाच अनोळखी अन्नाचा गिऱ्हाईक झाला आहे.

या अन्नाची मोहिनी मोठी आहे. ते स्वस्त असते, चटकन मिळते आणि जिभेला आवडेल अशा बेताने त्यात मीठ, साखर व तेल घातलेले असते. 300 मिलिलिटर थंड पेयात सुमारे 30 ग्रॅम साखर असते. दिवसाची साखर 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा वाटा संपून वर उरतो! भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण आहेत, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. मधुमेहाची कारणे अनेक आहेत. बैठे जीवन हे एक, आनुवंशिकता हे दुसरे. परंतु ताट बदलले, हेही त्यांतलेच एक आहे, याविषयी वैद्यांना शंका नाही.

मग पुड्यातले काहीच खाऊ नये काय? तसा हट्ट धरण्याचे प्रयोजन नाही. शेगावला गेलेल्या माणसाने तिथली प्रसिद्ध कचोरी खाल्ली, तर काही बिघडत नाही. ती मैद्याची असली तरी सणासारखी कधीमधी येते. बिघडते ते रोजच्या खाण्यात. सणाचा पदार्थ रोजचा झाला, की तो सणही राहत नाही आणि अन्नही राहत नाही. खिशातल्या पाच-दहा रुपयांत कुरकुऱ्याची पुडी येते, तसे मूठभर फुटाणे-शेंगदाणेही येतात. त्यांना गुळाच्या खड्याची जोड दिली, की मधल्या सुट्टीची भूक सहज भागते. ज्वारीच्या कण्या, लाह्या, मुगाची उसळ, हंगामातला हुरडा, बोरे, पेरू ही या मातीतलीच खाऊची शिदोरी आहे.

आणि पुडा उघडावयाचाच असेल, तर आधी तो वाचावा. त्यात काय काय घातले आहे, हे पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले असते. जो जिन्नस सर्वांत अधिक, त्याचे नाव सर्वांत आधी, असा नियम आहे. पहिल्या तीन नावांत साखर आणि तेल दिसले, तर पुढचे चित्र कितीही फळाफुलांचे असो, आत काय आहे ते उमगते. पुड्यावरचे चित्र भुलविण्यासाठी असते, बारीक अक्षरे ओळख सांगण्यासाठी असतात. सातवीत शिकणाऱ्या मुलाला ती वाचता येतात. घरातील आजीला कदाचित ती वाचता येत नसतील. अशा वेळी नातवाने वाचून दाखवावे आणि आजीने त्याला कण्या कशा शिजवाव्यात, ते शिकवावे. एकाचे अक्षरज्ञान आणि दुसऱ्याचा अनुभव असे एकत्र आले, तर घराचे आरोग्य राखण्यास तेवढे साहाय्य पुष्कळ होईल.

कारखाने राहतील आणि ते राहावेतही. परंतु त्यांनी काय रांधावे, हे अखेर खाणारेच ठरवितात. गिऱ्हाईक विचारू लागले, की दुकानदार विचारू लागतो आणि दुकानदार विचारू लागला, की कारखानदाराला उत्तर द्यावे लागते. कायदेही अशाच विचारणाऱ्या माणसांमुळे होतात. तोंडात घास घालण्यापूर्वी त्याची ओळख करून घेणे, ही सवय लहानपणी लागली, तर ती जन्मभर सोबत करते.