पंच उरले सहीपुरते

‘पंच’ म्हणजे एके काळी निवाडा देणारा. आज आमच्या जालना जिल्ह्यात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा. ती सही नेमकी कशावर केली, हे बिचाऱ्याला पुष्कळदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर कळते! न्याय करताना मात्र सामान्य माणसाला कोणी विचारत नाही.

पूर्वी निदान मुंबईत विचारत असत. १९५९ साली नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. नऊपैकी आठ ज्युरींनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही. प्रकरण हायकोर्टात गेले, जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. वर्तमानपत्रांनी ज्युरींची मती फिरवली आणि म्हणून ज्युरी गेली, असे तेव्हापासून सांगतात. पण ज्युरी बंद करा, असे विधि आयोगाने १९५८ मध्येच सुचवले होते. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा उरली नाही. २०२३ च्या नव्या संहितेतही नाही.

माझ्या मते खोट होती ज्युरी निवडण्यात. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ‘केसरी’तले लेख मराठी, ज्युरींपुढे ठेवली त्यांची इंग्रजी भाषांतरे, आणि नऊ ज्युरींत सात युरोपीय व दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा कौल लागला आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. ज्यांच्यासाठी ते लेख लिहिले, त्यांच्यातला एकही त्या नऊ जणांत नव्हता.

बँकेच्या नोकरीत थकीत कर्जांपायी मी लोकअदालतीत पुष्कळ बसलो. पाऊस हुकला की हप्ता का हुकतो, हे सांगताना शेतकरी तिथे चाचरत नसे. अर्थात ती तडजोड. खुनाचा निकाल असा लावता येत नाही. पण जर्मनीत फौजदारी खटल्यांत न्यायाधीशाशेजारी साधे नागरिक बसतात. त्यांचे मत मोजले जाते आणि निकालाची कारणे लिहिली जातात. आपल्या सेशन्स कोर्टात मतदारयादीतून चिठ्ठी टाकून असे दोघे का बसवू नयेत?

जात, भावकी, गावकी आडवी येईल, हा आक्षेप खरा आहे. मीही याच मातीतला, मला ते ठाऊक आहे. म्हणून भोकरदनच्या खटल्याला परतूर-मंठ्याची माणसे बसवावीत. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी सरकारने द्यावी. नाहीतर त्या खुर्च्यांवर सवड असलेले शेठ-सावकारच दिसतील.